माळावर सापडलेली माणसे

१८८७ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या एका अठरा वर्षांच्या तरुणाला त्याच्याच डोळ्यांनी दगा दिला. त्याचा हात स्थिर होता, रेषा बिनचूक होती, पण काही रंग इतरांना दिसत तसे त्याला दिसतच नव्हते. दृष्टीत अंशतः रंगांधत्व असल्याचे निदान झाले आणि चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. वेदान्ताचा व्यासंग असलेल्या वडिलांच्या घरातून रूढ वाट मोडून तो दोन वर्षांपूर्वी मुंबईला आला होता. थोरले बंधू रामूअण्णा पदरमोड करून त्याचा खर्च चालवत होते. एवढ्या हट्टाने धरलेली वाट अशी अर्ध्यातच बंद झाल्यावर घरी परतण्याखेरीज दुसरे काय उरते? हा तरुण परतला नाही. रंगांचा नाद सोडून त्याने यंत्रांच्या आराखड्यांची रेखाटने धरली, कारण तिथे रंग लागत नव्हता, रेषा पुरत होती.

हे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातले गुर्लहोसूर. त्याच १८६९ साली लंडनमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यायाधीश, सेनापती, मुत्सद्दी अशा थोर पुरुषांच्या वंशावळी चाळून गाल्टन यांनी असा निष्कर्ष मांडला होता की कर्तृत्व रक्तातूनच खाली उतरते. माणसाचा स्वभाव आणि त्याचे नेतृत्व यांचे नाते शास्त्राने तपासायला घेतले ते साधारण इथपासून. पुढची शंभराहून अधिक वर्षे विद्यापीठांतून तो शोध चालू राहिला. त्याच काळात सातारा आणि सांगलीच्या मुलखात, कोणतीही प्रश्नावली न भरता, तोच शोध दुसऱ्या वाटेने पुढे सरकत होता. ती वाट अपयशांनीच आखली होती.

व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये लक्ष्मणराव यांत्रिक रेखाटन शिकवू लागले. वर्ग सुटला की त्यांची पावले कर्मशाळेकडे वळत. यंत्र उघडावे, जोडावे, त्याचा स्वभाव समजून घ्यावा, असा त्यांचा क्रम होता. यथावकाश बढतीची वेळ आली, आणि ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

नाकारले जाण्याचा हा दुसरा प्रसंग. पहिला निवाडा निसर्गाचा होता. तो खरा होता, म्हणून त्यांनी तो मान खाली घालून स्वीकारला. दुसरा निवाडा साहेबाच्या राज्याचा होता आणि तो खोटा होता. माणसाच्या अंगी काय आहे आणि कागदावर त्याच्याविषयी काय लिहिले आहे, यांत किती अंतर असू शकते, हे त्यांनी पुस्तकातून वाचलेले नव्हते, स्वतः भोगलेले होते. पुढे त्यांनी माणसे निवडली ती या अनुभवाला स्मरून, असे त्यांचे चरित्र पाहताना वारंवार वाटते.

बेळगावात १८८८ पासून रामूअण्णांच्या मदतीने सायकलींचे दुकान चालू होते. नोकरी सोडून लक्ष्मणराव तिथे आले, छोटीशी कर्मशाळा थाटली आणि कडबा कापण्याचे यंत्र बनवले. ते बरे चालले. मग त्यांनी लोखंडी नांगराला हात घातला.

गावोगावचा लाकडी नांगर जमीन ओरखडत असे. हरळी-कुंदा यांची मुळे खालीच राहत आणि पावसाबरोबर पुन्हा डोके वर काढत. लोखंडी नांगर ढेकूळ उलथून टाकी, खालची माती वर आणी. गुण उघड होता. तरीही शेतकरी मागे सरले. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, पीक जळते, असा समज पक्का होता. तयार झालेले नांगर कर्मशाळेत पडून राहिले. एक हंगाम गेला, दुसरा गेला. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. ज्याच्यासाठी यंत्र घडवले तोच त्याला हात लावायला भितो, हे पाहत दोन वर्षे काढणे काय असते, याची कल्पना करावी. पण शेतकऱ्याशी वाद घालून नांगर खपणार नव्हता, जमिनीनेच साक्ष द्यायला हवी होती. अखेर काहींनी धाडस केले, नांगरटीने आपले काम केले, आणि मागणी हळूहळू वर चढू लागली.

घडी बसते आहे असे वाटले तोच तिसरा आघात झाला. कर्मशाळा होती त्या भागात बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत वसवायची होती. जागा रिकामी करण्याचा हुकूम आला. नवी जागा घ्यायला पैसा नव्हता, आणि यंत्रे पाठीवर घेऊन फिरता येत नाहीत.

इथे या कथेत एका राजाचा प्रवेश होतो. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच, १९०९ साली, गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार होते. औंधात एक सभागृह उभारण्याच्या कामाच्या निमित्ताने लक्ष्मणराव त्यांच्याकडे जाऊन-येऊन होते. अडचण कळताच बाळासाहेबांनी दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले आणि संस्थानच्या हद्दीत हवी ती जागा निवडायला सांगितले. लहानशा संस्थानच्या तिजोरीला दहा हजार रुपये थोडे नव्हते. तारण म्हणावे असे समोर काय होते? रंग न दिसणारा एक माजी मास्तर, त्याची विस्थापित यंत्रे आणि त्याची जिद्द. रंगांत रमलेल्या राजाने त्या जिद्दीवर पैसे लावले. माझ्या मते या सगळ्या कथेतला हा पहिला खरा शोध आहे, आणि तो लक्ष्मणरावांनी लावलेला नाही, लक्ष्मणरावांचा लागलेला आहे.

जागा निवडली ती मात्र पाहणाऱ्याने कपाळाला हात लावावा अशी. पुणे-मिरज लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे लहानसे स्थानक होते. त्याच्याजवळचा बत्तीस एकरांचा उजाड माळ. त्यावर निवडुंग माजलेला, निवडुंगाच्या जाळ्यांत नाग. लक्ष्मणरावांनी पाहिले ते एवढेच की आगगाडी दारात आहे: कच्चे लोखंड येईल, नांगर जातील. १० मार्च १९१० रोजी मंडळी माळावर उतरली. अंगावर उन्हाळा, आणि पुढे तीन महिन्यांत पावसाळा. तोवर निवडुंग तोडायचा, राहुट्यांच्या जागी घरे आणि उघड्या यंत्रांवर छपरे उभी करायची होती.

या कामाला माणसे कोणती होती, हे पाहिले की शोध कुठे दडला होता ते कळू लागते.

पदवीच्या बळावर आलेला त्यांत जवळजवळ कुणी नव्हता. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्धवट सोडलेली होती. यंत्रकामाची जबाबदारी त्यांच्यावर आली. शंभूराव जांभेकर कारखान्याची तांत्रिक बाजू सांभाळू लागले. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब आणि कागदपत्रे गेली. के. के. कुलकर्णी बोलघेवडे, खटपटे, कुठल्याही कचेरीच्या दारातून काम घेऊन परतणारे, म्हणून बाहेरची सगळी निस्तरानिस्तर त्यांच्याकडे. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था उचलली. दुसऱ्या एखाद्या मालकाने या मंडळींची उलटसुलट वाटणी केली असती, म्हणजे कुलकर्ण्यांना वह्यांपाशी बसवून रेग्यांना कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला लावल्या असत्या, तर तीच माणसे निकामी ठरली असती.

याहून मोठी कसोटी रात्रीची होती. उघड्या माळावर यंत्रे, लोखंड, बायकापोरे, आणि आसपास चोरांची भीती. पहाऱ्यावर कोण? लक्ष्मणरावांनी हे काम तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे सोपवले. जुन्या नोंदींत नावे अशीच, जातीला चिकटवून, लिहिलेली आढळतात. दोघेही दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगून आलेले. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा देशात होता, आणि ज्याच्यावर एकदा शिक्का बसला त्याला कुणी उंबऱ्याशी उभे करत नसे, असा तो काळ. अशांच्या हाती कारखाना देणे हा वेडेपणा आहे, असेच कुणालाही वाटले असते.

पण विचार करून पाहावा. अंधारात निर्भय असणे, बारीक चाहूल टिपणे, परिसरातला प्रत्येक ओढा आणि प्रत्येक पाऊलवाट ठाऊक असणे, दिलेल्या शब्दाला जिवापलीकडे जपणे, हेच गुण दरोड्याला लागतात आणि हेच पहाऱ्यालाही. गुण तेच होते, जागा बदलली होती. ते दोघे कारखान्याचे विश्वासू राखणदार झाले. शोधकथांत एखादा क्षण वीज चमकावी तसा येतो. माळावरच्या या वसाहतीच्या, म्हणजे पुढच्या किर्लोस्करवाडीच्या, कथेत तो क्षण शोधायचा तर तो याच पहाऱ्यात आहे. स्वभाव हा माणसाच्या अंगात गोठून बसलेला चांगला किंवा वाईट ऐवज नव्हे. कुठल्या कामाशी त्याची गाठ घालायची हे ज्याला कळते, त्याच्या हाती तो सामर्थ्य होतो. लक्ष्मणरावांनी हे कुठे सिद्धान्ताच्या रूपात मांडले नाही. त्यांनी ते करून दाखवले आणि त्यावर वसाहत उभी केली. त्या वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती, तीही १९१० च्या दशकात, जेव्हा सातारा जिल्ह्यातल्या गावांत पाणवठे वेगळे होते.

पहिले महायुद्ध पेटले आणि परदेशी लोखंड येईनासे झाले. भट्टी थंडावण्याची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले.

याच वर्षांत किर्लोस्करांचे नांगर खेड्यापाड्यांत खपवत एक धिप्पाड तरुण फिरत होता. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म १८८७, कुंभोज. त्यांचा पूर्वेतिहास कुणाही मालकाला विचारात पाडील असाच होता. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगितले गेले, ते त्यांनी साफ नाकारले, आणि ते राहत होते ते जैन बोर्डिंग हे वसतिगृह त्यांना सोडावे लागले. शिक्षण अपुरे राहिले. साताऱ्यात शिकवण्या घेऊन ते पोट भरत, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. १९१४ च्या डांबर प्रकरणात, म्हणजे कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याच्या खटल्यात, जैन समाजाचे पुढारी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी तुरुंग पत्करला, पण साक्ष दिली नाही.

हट्टी, वाकायला नकार देणारा, अधिकाऱ्यांशी न पटणारा, असा शेरा अशा माणसाच्या कागदावर पडतो. पण लोखंडी नांगराला नाक मुरडणाऱ्या शेतकऱ्यांच्या दारी जायला हाच माणूस हवा होता. रोजचे नकार पचवावेत, पुन्हा त्याच गावात जावे, चावडीवर बसावे, शेतात उतरावे, हे नरम स्वभावाच्या माणसाचे काम नव्हे. भाऊरावांनी सातारा-सांगलीची खेडी अशी तुडवली. आणि नांगर विकता विकता त्यांना काही वेगळेच दिसू लागले. नांगर नाकारणारा शेतकरी मूर्ख नव्हता. त्याला वाचता येत नव्हते, आणि जगात काय चालले आहे हे त्याच्यापर्यंत पोचवणारी कुठलीच वाट नव्हती. जमीन नांगरून भागणार नाही, याच्या मुलाला शाळा हवी.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले. सर्व जातींची मुले एका छताखाली राहू लागली, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करू लागली, राबून शिकू लागली. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने उतरवून दिले, शेवटी मंगळसूत्रही. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. कोल्हापुरात ज्या हट्टामुळे भाऊरावांना वसतिगृह सोडावे लागले होते, त्याच हट्टाने साताऱ्यात वसतिगृह उभे केले.

जगातल्या विद्यापीठांत या काळात काय चालले होते? १९३६ साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या अमेरिकी अभ्यासकांनी इंग्रजी शब्दकोश पालथा घालून माणसाच्या स्वभावाचे वर्णन करणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यांतले कोणते शब्द नेत्याला लागू पडतात याच्या याद्या बनू लागल्या. १९४८ च्या आरंभी राल्फ स्टॉगडिल यांनी तोवरच्या १२४ अभ्यासांचा धांडोळा घेतला आणि गाल्टन यांच्यापासून चालत आलेल्या आशेला तडा गेला. काही गुणांचा नेतृत्वाशी संबंध दिसतो खरा, पण कोणताही गुणसंच माणसाला सर्वत्र आणि सदैव नेता बनवत नाही. नेता ठरतो तो भोवतालच्या माणसांशी आणि प्रसंगाशी असलेल्या नात्यातून.

त्यानंतर कित्येक वर्षे हा विषय मागे पडला. २००२ मध्ये टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ नमुन्यांतली आकडेवारी एकत्र करून तो नव्याने तपासला. बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध ०.३१ एवढा निघाला, कर्तव्यदक्षतेचा ०.२८, आणि मनमिळाऊपणाचा जेमतेम ०.०८. भाऊरावांची आठवण यावी असाच हा शेवटचा आकडा आहे. स्वभावाचे पाचही मुख्य पैलू एकत्र धरले तरी सहसंबंध ०.४८ च्या पुढे गेला नाही. म्हणजे नेतृत्वातल्या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग स्वभावाच्या मोजपट्टीबाहेरच राहिला. २०११ मध्ये अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिझ्झा पोचवणाऱ्या दुकानांचा अभ्यास करून आणखी एक गाठ सोडवली. हाताखालची माणसे स्वतःहून पुढे सरसावणारी असली तर कमी बोलणाऱ्या, ऐकून घेणाऱ्या व्यवस्थापकाचे दुकान अधिक कमावते. माणसे निमूट असली तर बोलक्या व्यवस्थापकाचे. फळणीकर, जांभेकर, कुलकर्णी यांच्यासारखी स्वयंभू माणसे एकाच माळावर कशी नांदली, हे समजायला हा निष्कर्ष मोठी मदत करतो.

औंध संस्थानाने मात्र या निष्कर्षांची वाट पाहिली नव्हती. १९३९ साली बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवणारी राज्यघटना लागू केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत उभी राहिली. भिंत नाही, बेड्या नाहीत. कैदी कुटुंबासह राहून शेती करत. तुकाराम आणि पिऱ्या यांच्या हाती पहारा देऊन एका कारखानदाराने जे आजमावले होते, त्याच संस्थानात आता राज्यकारभार तेच आजमावत होता. आटपाडीच्या मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी ही कथा पटकथेत उतरवली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटातून ती जगाने पाहिली.

किर्लोस्करवाडीची सर्वांत कठीण परीक्षा १९४८ च्या फेब्रुवारीत झाली. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमाव कारखान्यावर चालून आला आणि आगी लागल्या. अडतीस वर्षे निवडुंगाशी, नकारांशी आणि टंचाईशी झुंजून जे उभारले ते जळाले. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नव्याने माळ तोडायला, माणसे हेरायला त्यांच्यापाशी तारुण्य उरले नव्हते.

त्याची गरजही पडली नाही. राख उपसली गेली, यंत्रे दुरुस्त झाली, भट्टी पुन्हा पेटली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले तेव्हा कारखान्यातून पंप बाहेर पडत होते, आणि कुंडल रोडचे ते स्थानक केव्हाच किर्लोस्करवाडी झाले होते.